नाचायचे की नाही, हे तिला ठरवू द्या

वाचकाचे पत्र

मी नृत्यशिक्षिका आहे. काही महिन्यांपासून एका कारागृहाच्या महिला विभागात आठवड्यातून एकदा वर्ग घेते. मनाने पार कोलमडलेल्या या स्त्रियांना नृत्यातून थोडी उभारी मिळावी, एवढीच इच्छा होती आणि सुरुवात चांगली झाली होती. मागच्या वर्गात मी दिवे मंद केले, सर्वांना डोळे मिटायला सांगितले, संगीत मोठे लावले आणि ‘स्वतःला मोकळे सोडा’ असे म्हटले. एका मुलीचे खांदे फार आखडलेले दिसले, म्हणून मागून जाऊन मी ते हलकेच खाली दाबले. ती जागच्या जागी थिजली. हाका मारल्या तरी तिला ऐकू जात नव्हते. मग ती थरथरू लागली आणि भिंतीशी बसून राहिली. ते पाहून आणखी दोघी उठून जायला निघाल्या, तर दारातल्या महिला शिपायाने त्यांना परत आत बसवले. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. त्यातच वरिष्ठांनी पाहुण्यांसमोर या स्त्रियांचा कार्यक्रम बसवण्यास सांगितले आहे. घरचे विचारतात, ज्यांनी दुसऱ्यांचे संसार मोडले त्यांना नाचवून तू काय साधतेस? मी थांबावे का? आणि चालू ठेवायचे असेल तर कसे?

– एक नृत्यशिक्षिका

उत्तर

ताई,

थांबू नका, पण वर्ग ज्या पद्धतीने चालला होता त्या पद्धतीने पुढे चालवूही नका. ती मुलगी थिजली, दोघींना दारातून मागे फिरवले गेले आणि कार्यक्रमाचा हुकूम आला, या तीन घटना तुम्हाला वेगवेगळ्या वाटत असतील; माझ्या मते त्या एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. त्या खोलीत एखाद्या स्त्रीच्या शरीराने काय करायचे, हे कोण ठरवते? कारागृहात उठण्याची वेळ, झोपण्याची जागा, दिवा कधी मालवायचा, कपडे कधी उतरवून दाखवायचे, हे सगळे दुसरेच कुणी ठरवत असते, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी त्यांच्यापैकी अनेकींच्या शरीराचा निर्णय बाप, नवरा, दलाल किंवा जमाव यांनी घेतलेला असतो. तुमच्या वर्गाने तो अधिकार थोडा जरी त्यांच्या हाती परत दिला, तरी नृत्याचा उपचार म्हणून उपयोग होईल. वर्गानेही तो काढून घेतला, तर संगीत कितीही गोड असले तरी त्यांच्या लेखी तो दिवसभरातला आणखी एक हुकूम असेल.

आधी त्या मुलीविषयी. संकट समोर आले की माणूस लढतो किंवा पळतो, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत; पण जिथे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, तिथे शरीराकडे आणखी एक उपाय उरतो, तो म्हणजे थिजून जाणे. लहानपणी अत्याचार सोसलेल्या किंवा वर्षानुवर्षे घरात मार खाल्लेल्या व्यक्तीच्या शरीराने हा उपाय इतक्या वेळा वापरलेला असतो, की तो पुढे विचाराची वाट न पाहता आपोआप सुरू होतो. अशा प्रसंगांची आठवण अनेकदा आरंभ, मध्य आणि शेवट असलेल्या हकिगतीसारखी साठत नाही. ती वास, आवाज, स्पर्श आणि स्नायूंचा ताण यांत विखरून राहते, आणि तसाच स्पर्श पुन्हा झाला की जुनी गोष्ट आत्ताच घडत असल्यासारखी समोर येते. तुमच्या वर्गात अंधूक प्रकाश होता, डोळे मिटलेले होते, पावलांची चाहूल लागू नये इतके मोठे संगीत होते आणि मग पाठीमागून खांद्यावर हात आला. तुमच्या मनात माया होती याविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु अशा क्षणी शरीराला कळते ते फक्त हात कोणत्या दिशेने आला आणि त्याचा दाब किती होता, एवढेच. तिला हाक ऐकू न येणे हा हट्ट नव्हता आणि नाटकही नव्हते, हे त्या महिला शिपायालाही समजावून सांगा, म्हणजे त्या प्रसंगाची नोंद बेशिस्त म्हणून होणार नाही.

आता यात कारागृहातले रोजचे जगणे मिळवून पाहा. तिथे स्पर्श होतो तो बहुधा झडतीचा किंवा भांडणातला. किल्ल्यांचा आवाज आला की कुणासाठी आल्या हे ओळखावे लागते. बराकीत रात्री पूर्ण गाढ झोपणे परवडत नाही. तुम्हाला जे खांदे आखडलेले दिसले ते तिच्या दृष्टीने पहाऱ्यावर उभे आहेत, आणि त्या पहाऱ्याने तिला आजवर वाचवले आहे. तुमचा तास संपल्यावर ती तुमच्याबरोबर बाहेर येत नाही, त्याच बराकीत परत जाते. म्हणून ‘त्यांना मोकळे करणे’ हे उद्दिष्ट मनातून काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एखाद्या स्त्रीला तासभर पूर्ण सैल करून तसेच बराकीत पाठवणे हे तिच्या हिताचे नाही. उद्दिष्ट असे ठेवा की शरीर आवळायचे केव्हा आणि सोडायचे केव्हा, किती सोडायचे, हे तिच्या ताब्यात यावे. मूठ घट्ट वळायची, ती अर्धीच उघडायची, पुन्हा वळायची. खांदे कानांपर्यंत उचलायचे, हवे तेवढेच खाली आणायचे, वाटल्यास तिथेच ठेवायचे. असा अगदी साधा सराव या कामी मोठ्या पदन्यासापेक्षा जास्त उपयोगी पडतो. आणि तासाचा शेवटचा चौथा हिस्सा परत जाण्याच्या तयारीसाठी राखून ठेवा: नवे काही नाही, भावना ढवळणारे संगीत नाही, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले, खोलीभर नजर फिरवून दार कुठे, खिडकी कुठे, आपल्या शेजारी कोण हे पाहून घेणे, पाठ सरळ करणे आणि मग उठणे. माझ्या लेखी हा भाग नाचाइतकाच महत्त्वाचा आहे आणि वेळ कमी पडला म्हणून तो कधीही गाळू नये.

स्पर्शाचा नियम मी विनाअपवाद सांगते: हात लावायचा नाही. ‘लावू का?’ असे विचारूनही नाही, निदान सुरुवातीच्या दीर्घ काळात तरी नाही, कारण तुम्ही बाहेरून आलेल्या, मान असलेल्या बाई आहात आणि तुम्हाला नाही म्हणणे तिथे कुणालाच सोपे नाही. शैली दुरुस्त करायची असेल तर स्वतःच्या अंगावर करून दाखवा, आणि खरे तर या वर्गात दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नसतेच. शक्य असेल तर फेर धरून उभे राहा, म्हणजे कुणाच्याच पाठीशी कुणी राहणार नाही. ज्यांना भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आहे त्यांना तसे राहू द्या. दिवे पूर्ण चालू ठेवा. डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न समजा. श्वासाकडे लक्ष द्यायला लगेच सांगू नका, कारण ज्यांचा श्वास कधीकाळी कोंडला गेला आहे त्यांना छातीकडे लक्ष गेले तरी घाबरायला होते; तळहात, तळपाय, बोटे यांपासून सुरुवात करा आणि शरीराच्या मध्याकडे यायचे असेल तर ते सावकाश, त्यांच्या गतीने होऊ द्या. मनोविकारांवरील औषधे घेणाऱ्या स्त्रियांना जमिनीवरून एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते, काही गरोदर असतील, काहींची जुनी हाडे नीट जुळलेली नसतील. तेथील वैद्यकीय कर्मचाऱ्यांना आधी विचारून ठेवा.

संगीताबाबतही हेच. एखादे गाणे तुम्हाला आनंदाचे वाटते, पण कुणाच्या घरात नेमके तेच गाणे मोठ्याने लावून मारहाण होत असेल, हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून सुरुवातीला शब्द नसलेले, साध्या ठेक्याचे, हळू आवाजातले संगीत घ्या, किंवा नुसत्या टाळ्यांवर काम करा. आणि एक नियम पहिल्या मिनिटाला सर्वांसमोर सांगा: कुणीही, कोणतेही कारण न देता, हात वर केला की संगीत थांबेल. ज्या ठिकाणी आपल्या सांगण्याने काहीच थांबत नाही, तिथे आपण हात वर केला आणि आवाज खरोखर थांबला, हा अनुभव लहान नाही. सुरुवातीला काहीजणी केवळ खात्री करून घेण्यासाठी हात वर करतील. प्रत्येक वेळी, न कुरकुरता, संगीत थांबवा.

दारातून परत फिरवलेल्या दोघींचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण बंदिनींना आपल्या मर्जीने इकडेतिकडे जाऊ देणे त्या शिपायाच्या हाती नसते, आणि तिच्याशी वैर घेऊन वर्ग चालणार नाही. यावर उपाय असा की खोलीतच ‘बाहेर’ निर्माण करायचे. एका भिंतीशी सतरंजी किंवा बाक ठेवा. तिथे जाऊन कोणत्याही दिशेला तोंड करून बसता येईल, कुणी काही विचारणार नाही, पुन्हा फेरात यायचे की नाही हेही जिचे तिने ठरवायचे. हे शिपायाला आणि अधिकाऱ्यांना आधीच सांगा व मान्य करून घ्या. त्याचबरोबर तुमच्या वर्गाची हजेरी शिक्षेतील सवलतीशी, चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्याशी किंवा कुणाच्या मुलाखतीच्या हक्काशी जोडली जाणार नाही, एवढे स्पष्ट करून घ्या, कारण बक्षिसाच्या आशेने किंवा शिक्षेच्या धाकाने आलेली स्त्री स्वेच्छेने आली असे म्हणता येत नाही. तुमची भाषाही बदला. ‘हात वर करा’ याऐवजी ‘हात वर नेऊन पाहता येईल, किंवा मांडीवरच ठेवता येतील’ असे दोन मार्ग प्रत्येक वेळी समोर ठेवा. गंमत म्हणजे पहिले काही आठवडे सगळ्या जणी तुम्ही सांगाल ते मुकाट्याने करतील, आणि तुम्हाला वाटेल की वर्ग उत्तम चालला आहे. ज्या दिवशी एखादी ‘आज मला नाही करायचे’ असे म्हणून शांतपणे बाकावर जाऊन बसेल, तो दिवस वर्ग फसल्याचा मानू नका. तिथून काम सुरू झाले असे समजा.

एवढी सगळी पथ्ये ऐकून तुम्हाला वाटेल की मग नृत्य कशासाठी, नुसते बोलणे काय वाईट? नृत्यासाठी मी इतके भांडते आहे त्याला कारण आहे. ज्या जखमा शब्दांत मावत नाहीत त्यांच्यापर्यंत नुसत्या बोलण्याने पोहोचता येत नाही, आणि खटला चालू असताना तर बोलणे धोक्याचेही असते. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात मॅरिअन चेस या नर्तिकेने १९४२ मध्ये काम सुरू केले, तेव्हा तिच्यासमोर असे रुग्ण होते ज्यांच्याशी संवाद जवळजवळ तुटलेला होता. ती समोरच्याच्या हालचालीचा वेग, वजन आणि ताण आपल्या शरीरात घेऊन त्याच्यासमोर ठेवीत असे, आणि त्यातून ‘तू मला दिसतो आहेस’ एवढे एक वाक्य न बोलता पोहोचत असे. पुढे १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आरशासारखे प्रतिसाद देण्याची ही पद्धत तुम्ही वापरू शकता, मात्र ती नक्कल होता कामा नये. कुणी पाय आपटला तर तुम्ही हुबेहूब तसाच पाय आपटलात की तिला चिडवल्यासारखे वाटेल. त्यातला जोर तेवढा घ्या आणि तो तुमच्या पद्धतीने टाळीत किंवा पावलात आणा.

लयीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तुमच्याजवळची सर्वांत मोठी ठेव तीच आहे. दीर्घकाळ भीतीत राहिलेल्या शरीराला पुढच्या क्षणी काय होईल याचा भरवसा नसतो; ठेक्यात मात्र पुढचा ठोका कुठे येणार हे कळते आणि तो तिथे येतोही. शिवाय अनेकांनी एकाच लयीत हालचाल केली की परस्परांविषयी जवळीक वाढते आणि वेदना सहन करण्याची क्षमताही वाढते, असे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एकत्र नाचणाऱ्या लोकांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले आहे. जिथे विश्वास ठेवणे महागात पडते तिथे कुणाशीही न बोलता, कुणालाही न शिवता आठ मात्रा इतरांबरोबर चालणे हा माणसांत परतण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, असे मला ठामपणे वाटते. संतापालाही या खोलीत जागा द्या. पाय जमिनीवर जोराने आपटणे, हात झटकणे, मोठी पावले टाकून जागा व्यापणे, हे सर्व ठेक्यात बांधले की संताप उसळत नाही, वाहतो. फक्त त्या दणदणाटाचा अर्थ बाहेरच्या पहाऱ्याने दंगल असा लावू नये म्हणून आधी कल्पना द्या.

यातून किती बरे वाटेल, याबाबत मात्र मोठी आश्वासने देऊ नका. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर उपचारांना दाद न देणारा आघातोत्तर ताणविकार, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक विकार, असलेल्या ६४ स्त्रियांचा समावेश होता. दहा आठवडे योगवर्गाला गेलेल्या स्त्रियांपैकी ५२ टक्के स्त्रिया शेवटी त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या, तर केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. नृत्य आणि नृत्य-उपचार यांवरील ४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा जर्मनीतील सबिने कोख आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतला, त्यातही चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचे दिसते. ही आशा ठेवण्यासारखी माहिती आहे, पण पहिला अभ्यास योगाचा आहे आणि दुसऱ्यातील प्रयोग एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, शिवाय तिथे प्रशिक्षित शिक्षक किंवा उपचारक होते. तुम्ही उत्तम नर्तिका असाल, तरी उपचारक नाही. भारतात कोलकाता संवेद ही सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली संस्था मानवी तस्करी व हिंसाचारातून सुटलेल्या व्यक्तींबरोबर नृत्य-उपचाराच्या पद्धतीने काम करते. अशा ठिकाणचे प्रशिक्षण तुम्ही शक्य तितक्या लवकर घ्यावे आणि तोवर कारागृहातील समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी जोडून घेऊनच वर्ग चालवावा, असा माझा सल्ला आहे. एकटीने वर्ग घेऊ नका. एखादी थिजली तर एकीने तिच्याजवळ थांबायचे आणि दुसरीने बाकीच्यांचा ठेका चालू ठेवायचा, यासाठी दोघी हव्यात.

कुणालाही तिची कहाणी विचारू नका. गुन्हा कोणता, शिक्षा किती, घरी कोण, काही नाही. यामागे सभ्यता तर आहेच, पण कायद्याचाही प्रश्न आहे, कारण अनेकींचे खटले अजून चालू असतात, दारात सरकारी नोकर उभा असतो आणि इथे भावनेच्या भरात निघालेले वाक्य उद्या कुठे जाईल हे तुम्ही सांगू शकत नाही. कुणी आपणहून बोलू लागली तर ऐका, तपशील खोदू नका, आणि गुपित राखण्याचे सरसकट वचन देऊ नका. जिवाला धोका असल्याचे कळले तर मला ते डॉक्टरांना सांगावे लागेल, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे.

आता कार्यक्रम. फिलिपिन्समधील सेबू येथील तुरुंगात सुमारे दीड हजार कैद्यांना नारिंगी गणवेशात एकाच वेळी नाचवलेल्या चित्रफितीने २००७ मध्ये जगभर खळबळ उडवली. पुढे तिथे पाहुण्यांसाठी प्रयोगही होऊ लागले. त्यातल्या काही कैद्यांना स्वतःचा अभिमान वाटला, हे मी नाकारत नाही, परंतु तो कार्यक्रम शिस्तीच्या कवायतीतून निघाला होता, आणि ज्याला नकार देता येतो की नाही याचीच शंका आहे त्या नाचाला उपचार म्हणायला माझे मन तयार होत नाही. त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात अलोकनंदा रॉय या नर्तिकेने बंदिवानांबरोबर काम सुरू केले आणि त्यांनी रवींद्रनाथांचे ‘वाल्मीकी प्रतिभा’ रंगमंचावर आणले. दरोडेखोराचा ऋषी होण्याची ती कथा बंदिवानांनीच साकारली, कारागृहाबाहेरच्या रंगमंचांवरही साकारली. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक होते, त्यामुळे रंगमंच वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. फरक मला दिसतो तो असा की दुसऱ्या ठिकाणी नाते आधी जुळले, प्रयोग मागून आला, आणि जे सादर झाले त्यात करणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्याला काही म्हणायला जागा होती.

तुमच्या गटात ही जागा अजून तयार झालेली नाही. ज्या वर्गात नुकतीच एक मुलगी थिजून बसली तो वर्ग इतक्या लवकर पाहुण्यांसमोर उभा करणे घाईचे होईल. अधिकाऱ्यांना नकार देण्यापेक्षा मुदत मागा, आणि ती त्यांच्याच चौकटीत मागा. कैद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील १०५ वा नियम सांगतो की सांस्कृतिक व मनोरंजनात्मक उपक्रम हे बंदिवानांच्या शारीरिक व मानसिक आरोग्यासाठी असावेत. आणि स्त्री कैद्यांविषयीच्या त्यांच्याच २०१० च्या बँकॉक नियमांतील १२ वा नियम स्त्रियांसाठी आघाताची जाण ठेवणारे मानसिक आरोग्यसेवेचे व पुनर्वसनाचे कार्यक्रम असावेत असे म्हणतो. पाहुण्यांची करमणूक यांपैकी कशातही बसत नाही. कधी प्रयोग झालाच, तर उभे राहायचे की नाही हे प्रत्येकीने ऐनवेळीही बदलू शकावे, चेहरे टिपले जाऊ नयेत, आणि शक्य असल्यास पहिले प्रेक्षक त्यांची मुले व आया असाव्यात, एवढ्या अटी धरून ठेवा. अधिकारी ऐकतच नसतील, तर बायकांनाच विचारा. काहींना खरोखर रंगमंचावर जायचे असेल आणि त्यांना तुमच्या काळजीपोटी मागे ठेवणे हेही त्यांच्यासाठी निर्णय घेणेच होईल.

घरच्यांच्या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण ज्यांचे संसार मोडले त्यांचे दुःख खरे आहे. तुमच्या वर्गातल्या काहींचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नाही, काहींचा झाला आहे आणि तो गंभीर आहे. तरीही न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत, रात्री दचकून उठणे आणि स्पर्शाने थिजणे यांचा समावेश नाही. सावरणे म्हणजे सुटका किंवा माफी नव्हे. उलट ज्या व्यक्तीला स्वतःचे शरीरच जाणवत नाही तिला दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव होणेही कठीण जाऊ शकते, आणि कधी ना कधी ती बाहेर येणार, कुणाची तरी आई किंवा शेजारीण होणार. एवढे घरच्यांना सांगा. पटले नाही तर वाद वाढवू नका.

गटाची रचना दर आठवड्याला बदलणार, याची तयारी ठेवा. कच्च्या कैदेतली स्त्री जामीन मिळाला की निघून जाते, दुसरीला अचानक अन्य कारागृहात हलवले जाते, आणि निरोपही होत नाही. म्हणून प्रत्येक तास स्वतःत पूर्ण असू द्या. आज उघडलेले पुढच्या आठवड्यात मिटवू, अशी योजना करू नका. मधल्या दिवसांसाठी काहीतरी त्यांच्याजवळ राहील असे पाहा. कॅलिफोर्नियातील नॉर्को येथील तुरुंगात सूची ब्रॅनफमन या नृत्यदिग्दर्शिका बंदिवानांबरोबर नृत्याचे काम करीत होत्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे आत जाणे बंद झाले, तेव्हा तिथल्या पुरुषांनी आपल्या खाटेवरून कागदावर नृत्यरचना लिहिल्या आणि त्या बाहेर पाठवल्या. तुमच्या गटातही कुणी लिहील, जिला लिहिता येत नाही ती सतरंजीच्या मापात बसेल अशी चार हालचालींची साखळी बांधेल आणि बराकीत कुणाला न कळता बोटांनी ती करू शकेल. अमेरिकेतच कॉलोराडोत सुरू झालेल्या ‘डान्स टू बी फ्री’ या उपक्रमात तर तुरुंगातल्या स्त्रियांनाच वर्ग घ्यायला शिकवले जाते. तुमच्याकडे अशी वेळ आली की फेराचे नेतृत्व एकेका स्त्रीकडे द्या, पाच मिनिटे का होईना, आणि तुम्ही तिच्या मागून चाला.

पुढच्या वर्गात त्या मुलीला सर्वांसमोर काही विचारू नका आणि बाजूला घेऊन मोठी क्षमायाचनाही करू नका, कारण मग तुमचे समाधान करण्याचे ओझे तिच्यावर येते. शक्य झाल्यास समुपदेशकाच्या माध्यमातून, नाही तर दोन हातांचे अंतर राखून समोरून, एवढेच सांगा: ‘मागच्या वेळी मी न विचारता हात लावला, ते चुकले. यापुढे मी कुणालाही हात लावणार नाही. तुला यायचे असेल तर ये, बसून राहायचे असेल तर बाक आहे, यायचे नसेल तरी चालेल.’ उत्तराची वाट पाहू नका. मग दिवे पूर्ण लावा, फेर करा, संगीत थांबवण्याचा नियम सर्वांना सांगा आणि पहिल्याच गाण्यात तुम्ही स्वतः हात वर करून तो एकदा वापरून दाखवा.